साठावर थांबलेला पाय

१

पांढरी जपानी गाडी तिसऱ्या वळणाच्या बाहेर, टायरांच्या भिंतीत तोंड खुपसून पडली होती. चालकाला तिथून काढून दवाखान्यात नेल्याला तीन तास झाले होते आणि तो अजून डोळे उघडत नव्हता. त्याच्या बायकोला ट्रॅकच्या तपासनीस बाईंचा फोन आला, तेव्हा दुपारचे बारा वाजायला आले होते.

"कुठे आहेस?" बाईंनी विचारलं.

"दवाखान्यात. खोलीच्या बाहेर, बाकावर."

"शेजारी कोण?"

"घरचेच आहेत. बाबा, वन्सं, भाऊजी."

"मग आता फक्त हो आणि नाही एवढंच बोल. चेहरा हलू देऊ नकोस. गॅरेजच्या किल्ल्या घरच्याच माणसांकडे असतात ना?"

"हो."

"बाहेरच्या कुणाकडे?"

"नाही."

"काल संध्याकाळी गाडी मी स्वतः तपासली होती. तेव्हा ती धड होती. त्यानंतर ती तुमच्या गॅरेजात कुलूपबंद होती, आणि तिथे कुणीतरी तिला हात लावलाय. अपघात आपोआप झालेला नाही, पोरी. मी येतेच आहे. तोवर तुझ्या नवऱ्यापाशी कुणालाही एकटं सोडू नकोस. कुणालाही, समजलं?"

"हो," ती म्हणाली.

तिने फोन ठेवला. बाकावर तिघं ओळीने बसले होते. सासऱ्यांच्या हातात पाण्याची बाटली होती, नणंद नखं खात होती, दीर मांडीवरच्या लॅपटॉपमध्ये डोकं घालून बसला होता. सकाळपासून ती या तिघांच्याच आधाराने तग धरून होती. आता या तिघांपैकी गाडीला हात लावणारा कोण, हे तिला ठाऊक नव्हतं.

"कुणाचा फोन?" नणंदेने विचारलं.

"ट्रॅकवरून. चौकशीला."

खोटं नव्हतं. पण खऱ्याला इतका घाम फुटलेला तिने कधी पाहिला नव्हता.

२

हे घर गाड्यांवर जगत होतं. जुनी जपानी गाडी आणायची, आतली गादी-गालिचा सगळं उपसून फेकायचं, इंजिनात जास्त हवा कोंबणारा मोठा टर्बो बसवायचा, स्प्रिंगा बदलायच्या आणि ट्रॅकवर पळवायची. सासऱ्यांना सगळे थोरले म्हणत. चाळीस वर्षं त्यांनी इंजिनं जागी केली होती. कारखान्यातून दोनशे घोड्यांची ताकद घेऊन आलेलं इंजिन त्यांच्या हातून निघताना साडेतीनशेचं होऊन निघायचं. नणंद गाडीची चाकं लावायची, म्हणजे त्यांचे कोन ठरवायची, चारही कोपरे वजनकाट्यांवर तोलायची. धाकट्या दिराला चष्मा म्हणत. इंजिनाच्या मेंदूत काय चाललंय ते तो लॅपटॉपवर वाचायचा आणि बदलायचाही. सून टायर बघायची, म्हणून ती हवावाली. आणि तिचा नवरा पायाळू. जन्माच्या वेळी आधी पाय बाहेर आले आणि पुढे भाकरीही त्याच पायांवर कमावली, असं थोरले चेष्टेने म्हणायचे.

घराचा एक दंडक होता. गाडीत बसणाऱ्याला भीती सांगायची नाही. हात थरथरला तर खिशात घालायचा, पण त्याच्यासमोर "जपून" हा शब्दसुद्धा काढायचा नाही. हवावालीने आठ वर्षं तो पाळला होता. पायाळू गाडीत बसला की ती टायरांकडे बघत राहायची, त्याच्याकडे नाही.

ही पांढरी गाडी मात्र या घरात नवी होती. आजवरच्या सगळ्या गाड्यांना मागची चाकं ढकलायची. हिला पुढची चाकं ओढत. दोनच महिने झाले होते तिला येऊन, आणि याच दोन महिन्यांत घरात कुरबुरी वाढल्या होत्या. धाकट्याला वाटायचं, ही गाडी तरी दादाने आपल्याला चालवायला द्यावी. नणंदेला वेगळं गॅरेज काढायचं होतं आणि पायाळू तिला सोडायला तयार नव्हता. परवाच ती म्हणाली होती, "तू हलत नाहीस तर एक दिवस मीच तुला हलवीन."

तेव्हा सगळे हसले होते. आज बाकावर बसून ते वाक्य हवावालीच्या कानात पुन्हा पुन्हा वाजत होतं.

३

बाई लंगडत आल्या. तरुणपणी त्याही चालवायच्या, एका पायाचा हिशेब ट्रॅकवरच राहिला होता. त्यांनी कुणाची विचारपूस केली नाही. सरळ धाकट्यासमोर उभ्या राहिल्या.

"चष्मा, काय दिसतंय?"

धाकट्याने लॅपटॉप वळवला. गाडीतली नोंद पडद्यावर रेघांसारखी पसरली होती.

"बघा बाई. पहिलीच फेरी, टायर गरम करायची. दादा वेगाचं पेडल अर्धंच दाबत चालला होता. तिसऱ्या वळणात शेपूट सुटलं, गाडीची मागची बाजू बाहेर घसरली. इथे पेडल पूर्ण दाबायला हवं होतं. दाबलं फक्त साठ टक्के." त्याने चष्मा पुसला. "लिहिलेलं खोटं बोलत नाही. दादा भ्याला."

"जीभ झडो तुझी!" नणंद उठूनच उभी राहिली. "दादा भ्याला? अरे, तू सायकलवरून उतारावर रडायचास, तेव्हा मागून धरून कोण धावायचं?"

"ताई, मी नाही म्हणत. रेघ म्हणतेय."

"मग रेघेला सांग, माझ्यासमोर येऊन म्हण!"

"दोघंही बसा," थोरले हळूच म्हणाले. त्यांच्या हातातली बाटली भरलेलीच होती. सकाळपासून त्यांनी घोटही घेतला नव्हता.

बाई नणंदेकडे वळल्या. "मागची चाकं तू मोकळी लावली होतीस. शेपूट लवकर सुटावं अशीच."

"हो, लावली. त्यालाच तशी हवी होती. शेपूट सुटलं की तो पायाने सावरतो. मुळात ही गाडी वळतेच तशी."

"आणि कुणाला तशी नको असेल तर?"

"तर मी चाकं बदलते. दहा मिनिटांचं काम आहे." मग तिला प्रश्नाचा रोख कळला आणि तिचा चेहरा उतरला. "बाई, तुम्हाला काय म्हणायचंय?"

बाई हवावालीला खिडकीपाशी घेऊन गेल्या.

"तुला भीती वाटायची?"

"कुणाला वाटत नाही?"

"कुणाला सांगितलीस?"

"सगळ्यांना. गेल्या आठवड्यात तर रोजच. भाऊजींना म्हटलं, त्या लॅपटॉपमधून थोडी ताकद कमी करा हो. ते हसले. वन्संना म्हटलं, तर त्या म्हणाल्या, तुला हवेतलं कळतं, चाकांतलं कळत नाही. बाबांनाही म्हटलं."

"ते काय म्हणाले?"

"काहीच नाही बोलले."

"आणि नवऱ्याला?"

"त्यांना कसं सांगणार? आमच्यात सांगत नाहीत."

बाई वळल्या. "माझ्याबरोबर गाडी बघायला चल."

"इथे कोण थांबणार?"

हवावाली सिस्टरकडे गेली. "मी येईपर्यंत आत कुणालाही सोडू नका. घरच्यांनासुद्धा." आवाज बारीक ठेवला होता, पण नणंदेच्या कानाला तो लागलाच.

"वहिनी! आम्ही काय परके आहोत? मी त्याच्या पाठची!"

हवावालीला मान वर करता आली नाही. वर केली असती तर नणंदेच्या डोळ्यांत अपमान दिसतो की आणखी काही, हे पाहावं लागलं असतं.

४

गाडी ट्रॅकच्या शेडमध्ये आणून ठेवली होती. समोरचा भाग चेपला होता. हवावाली चालकाच्या आसनापाशी गेली. पट्टे कापून त्याला बाहेर काढलं होतं, त्यांची टोकं लोंबत होती.

"आधी मला सांग," बाई म्हणाल्या, "माणसाचा पाय पेडलवर कसा असतो? घाबरलेला असो की शूर?"

"हलतो."

"हलतो. गाडी हादरते, पाय हादरतो, रेघ दातेरी येते. तुझ्या दिराने रेघ दाखवली खरी, पण तिचा अर्थ लावला नाही. ती साठावर गेली आणि पाटीवर पट्टीने ओढल्यासारखी सरळ राहिली. दोन सेकंद. एक दातही नाही. असं कधी होतं?"

हवावालीने विचार केला. "पाय कशाला तरी टेकला असेल तर."

"शाबास. आणि ब्रेकची रेघ शून्य आहे. भ्यालेला माणूस ब्रेक सोडून दुसरं काही दाबत नाही. तुझा नवरा भ्याला नव्हता. त्याने पेडल जिवाच्या आकांताने दाबलं, आणि ते खाली गेलं नाही."

त्यांनी हवावालीच्या हातात विजेरी दिली. ती दाराच्या चौकटीत गुडघे टेकून आत वाकली. पेडलच्या खाली, गाडीच्या तळाच्या पत्र्यावर एक बोल्ट उभा होता. पेडलने किती खाली जायचं ते ठरवणारा. तो बोटभर वर चढवलेला होता. त्याचा नट घट्ट आवळलेला होता. आणि बोल्टवरून नटावर, नटावरून पत्र्यावर एक पिवळी बारीक रेघ ओढलेली होती.

ही रेघ तिच्या ओळखीची होती. त्यांच्या गॅरेजात कुठलाही नट घट्ट केला की त्यावर रंगाची रेघ ओढायची, म्हणजे नट पुढे फिरला तर रेघ तुटलेली दिसते. रंगाची बाटली एकच, सगळ्यांची. थोरल्यांनी पोरांना चालायच्या आधी ही सवय लावली होती.

"काल संध्याकाळी मी हे पेडल तळापर्यंत दाबलं होतं," बाई म्हणाल्या. "आता मला सांग, खून करायला आलेला माणूस काम झाल्यावर रेघ ओढतो?"

"नाही."

"आणि मारायचंच असतं तर पेडल खाली अडकेल असं केलं असतं. वर अडकवून कोण कुणाला मारतं?"

हवावालीला बरं वाटायला हवं होतं. पण तिला अधिकच थंडी वाजली. मारायचं नव्हतं, मग हे काय होतं?

इतक्यात तिच्या पिशवीतला फोन वाजला. सिस्टर होती.

"तुमचे मिस्टर हालचाल करताहेत. डॉक्टर म्हणाले, घरचं एक माणूस जवळ बसू दे. तुम्ही नव्हता, म्हणून तुमच्या सासऱ्यांना आत सोडलं."

"बाबा ना?" हवावालीने सुटकेचा श्वास सोडला. "बाबा असतील तर ठीक आहे."

तिने फोन खाली केला. बाईंच्या हातात त्यांच्या गाडीची किल्ली आधीच आलेली होती.

"चल," त्या म्हणाल्या. "लवकर चल."

५

बाई एका पायाने जेवढ्या वेगात चालवता येईल तेवढ्या वेगात गाडी चालवत होत्या.

"हे काम बाबांचं कसं असेल?" हवावालीचा आवाज चिरकला. "तुम्ही काहीतरी चुकताय."

"मग मला चुकीची ठरव. घरात तीन माणसं. तिघांनाही तू भीती सांगितलीस. तिघांपैकी एकाला ती लागली, आणि त्याने गाडीची ताकद गुपचूप कमी केली, गाडी जपून चालावी म्हणून. इथपर्यंत पटतं?"

हवावालीने मान डोलावली.

"घाबरलेला माणूस आपलंच हत्यार उचलतो. तुझ्या दिराला ताकद कमी करायची असती, तर तो गाडीत पालथा पडून पाना कशाला फिरवेल? दोन बटणं दाबली की झालं. पेडल तळाला गेलं असतं आणि इंजिनाने कमी दिलं असतं. बोल्ट त्याचा नाही."

"आणि वन्सं?"

"तिने तर स्वतःच शेपूट मोकळं लावलं होतं. तिला ठाऊक होतं की ते सुटणार आणि तो पायाने सावरणार. ती घाबरली असती तर तिने चाकं घट्ट केली असती. स्वतः शेपूट सोडायचं आणि सावरायचं साधन काढून घ्यायचं, हे वेड्याचं काम, नाहीतर वैऱ्याचं. आणि वैरी रेघ ओढत नाही, हे आपण पाहिलं."

समोर सिग्नल होता. बाई थांबल्या. बोटांनी स्टिअरिंगवर ठोकत राहिल्या.

"थोरल्यांनी चाळीस वर्षं हाताळल्या त्या मागच्या चाकांनी ढकलणाऱ्या गाड्या. त्यांत शेपूट सुटतं ते जास्त ताकदीने. पाय हलका झाला की शेपूट परत येतं. त्या गाडीत ताकद कमी केली की माणूस वाचतो, आणि असा बोल्ट वर चढवून कित्येक नवखे वाचलेही असतील. पण ही गाडी उलटी. पाय काढला की शेपूट सुटतं, आणि तळापर्यंत दाबला की पुढची चाकं तिला कान धरून सरळ ओढतात. हिची ताकद काढली म्हणजे बुडणाऱ्याचा हात काढला. हे तुझ्या नणंदेच्या हाताला माहीत आहे, दिराच्या डोळ्याला माहीत आहे. थोरल्यांच्या डोक्याला माहीत असेल. पण त्यांच्या हाताला नाही. आणि घाबरलेला माणूस डोक्याचं ऐकत नाही."

हवावालीला गेल्या आठवड्यातली दुपार दिसत होती. थोरले इंजिनावर वाकले होते. ती त्यांच्या पाठीशी उभी राहून म्हणाली होती, "बाबा, तुम्ही बाप आहात. तुमचं कोण ऐकणार नाही? काहीतरी करा हो." त्यांनी मागे वळून पाहिलंही नव्हतं. तिला वाटलं होतं, ऐकू गेलं नाही.

दुपारपासून जिची धास्ती घेतली होती, ती व्यक्ती बाकावर नव्हतीच. निदान एकटी नव्हती. तिच्या पाठीशी हवावाली स्वतः उभी होती.

"बाई," ती म्हणाली, "हे मी केलंय."

"अर्धं," बाई म्हणाल्या. त्यांनी तिची समजूत काढली नाही, आणि त्याबद्दल हवावालीला त्यांचे उपकार वाटले.

६

बाकावर नणंद आणि दीर दोन टोकांना बसले होते. नणंदेने मान फिरवली. हवावाली तिच्यासमोर थांबली.

"वन्सं, मी आज तुमच्यावर संशय घेतला. तुमच्यावरही, भाऊजी. पुढे काय म्हणायचं ते म्हणा, पण आधी मला आत जाऊ द्या."

तिने दार ढकललं.

थोरले पलंगाशेजारी स्टुलावर बसले होते. म्हातारा माणूस शाळेत शिक्षकासमोर बसावा तसे, हात गुडघ्यांवर ठेवून. पायाळूचा जबडा बांधलेला होता, उजवा पाय मांडीपासून प्लास्टरमध्ये. डोळे मिटलेले होते, पण पापण्या फडफडत होत्या.

"बोल्ट पाहिलात ना?" थोरले म्हणाले.

"पाहिला."

"सकाळीच सगळ्यांना सांगणार होतो. मग वाटलं, आधी याला सांगावं. बापाचा गुन्हा आधी पोराने ऐकावा, मग पंचांनी. म्हणून याच्या डोळ्यांची वाट बघत होतो." त्यांनी नाक पुसलं. "तुझं नाव घेणार नव्हतो, सूनबाई. ते मनातूनही काढून टाक."

"मला का नाही सांगितलंत? बोल्ट चढवलाय, हे?"

"तुझी भीती जावी म्हणून तर चढवला. सांगितलं असतं तर तू त्याच्याकडे बघितलं असतंस, आणि त्याला कळलं असतं. तुझा चेहरा काय, उघडं पुस्तक." त्यांनी मुलाकडे पाहिलं. "पेडल टेकलं असेल तेव्हा त्याला काय वाटलं असेल गं? आपल्याच घरात..."

त्यांनी चादरीची दुमडलेली कड सरळ केली.

पायाळूने डोळे उघडले. आधी छताकडे, मग बापाकडे, मग तिच्याकडे. नजर ओळखीची होती, पण तिच्यात एक प्रश्न होता. त्याला सगळं आठवत होतं. पाय दाबल्याचं आणि गाडीने न ऐकल्याचं.

थोरले पुढे सरकले. "बाळा, ऐक..."

"बाबा, थांबा. आधी मी."

तिने पलंगाच्या कठड्याला धरलं. सकाळपासून ती घाबरलेलीच होती, पण आताची भीती निराळी होती. आता पळायला जागा नव्हती, आणि तिला पळायचंही नव्हतं.

"पेडलखाली बोल्ट वर चढवला होता. हात बाबांचा होता. पण त्यांच्या मनात भीती मी घातली. तुम्हाला सोडून मी सगळ्यांना सांगत फिरले. तुम्ही जपून चालवावं म्हणून त्यांनी ते केलं, आणि मीही तेच मागितलं होतं. आम्हाला वाटलं, ताकद कमी म्हणजे धोका कमी."

तो तिच्याकडे बघत राहिला. तिने त्याचा हात हातात घेतला. त्याने तो काढून घेतला नाही. दाबलाही नाही.

दारात बाई उभ्या होत्या. थोरले उठले, एकदा मुलाच्या कपाळावर हात ठेवला आणि त्यांच्यापाशी गेले. "लिहा," ते म्हणाले. "मी सांगतो तसं लिहा. काही झाकू नका." दार त्यांच्यामागे लोटलं गेलं.

खोलीत दोघंच राहिले. पायाचं काय ते डॉक्टर उद्या सांगणार होते. हा पुन्हा चालवेल की नाही, हे कुणीच सांगणार नव्हतं.

"मला भीती वाटते," ती म्हणाली. आठ वर्षांत पहिल्यांदा, त्याच्या तोंडावर. "तुम्ही गाडीत बसलात की वाटते. रोज वाटते. तुम्हाला सांगायला हवी होती."

त्याचे ओठ हलले. बांधलेल्या जबड्यातून आवाज फुटेना. ती खाली वाकली, तिचा कान त्याच्या तोंडाशी गेला. श्वासाइतक्या आवाजात, दोन तुकड्यांत ते आलं.

"मलाही... वाटते."

तिने डोकं उचलून पाहिलं. त्याच्या डोळ्यांच्या कडांतून पाणी कानांकडे वाहत होतं, आणि पुसायला त्याचा हात उठत नव्हता. तिने ते पदराने टिपलं आणि स्टूल पुढे ओढून बसली.